सात फुटांचे दार आणि उचललेली हायलक्स : उद्यमनगरातील एका शटरकामाचे परीक्षण

मागच्या दिवाळीनंतर मी एक वापरलेली टोयोटा हायलक्स पिकअप घेतली. आधीच्या मालकांनी तिचे सस्पेन्शन दोन इंचांनी उचलून घेतले होते, मूळच्या टायरांपेक्षा थोडे मोठे टायर चढवले होते आणि टपावर लोखंडी कॅरिअर बसवले होते. गाडी पसंत पडली, व्यवहार झाला, आणि पहिल्याच संध्याकाळी ती गॅरेजमध्ये घेताना टपावरचे कॅरिअर शटरच्या खालच्या पट्टीत जाऊन अडकले. हे परीक्षण त्या गाडीचे नाही. ती गाडी गॅरेजमध्ये बिनघोर जावी म्हणून कोल्हापुरातील उद्यमनगर या कारखान्यांच्या भागातल्या एका शटर आणि फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपकडून मी जे काम करून घेतले, त्याचे आहे. वर्कशॉपचे नाव मी लिहिणार नाही, कारण पुढे काही तक्रारी येणार आहेत आणि त्यांतील एक अजून मिटलेली नाही. मापे आणि खर्च मात्र झाले तसेच दिले आहेत. मी पेशाने कर सल्लागार असल्यामुळे आकडे गोल करण्याची सवय मला नाही.

आधी गॅरेजविषयी. वडिलांनी राजारामपुरीच्या पलीकडच्या एका वसाहतीत १९८९ साली घर बांधले, तेव्हा दारात मारुती ८०० येणार हे ठरलेले होते. तिची लांबी ३,३३५ मिलिमीटर, रुंदी १,४४० आणि उंची १,४०५. पुढेमागे मोठी गाडी येईल या हिशेबाने वडिलांनी गॅरेज आतून १८ फूट लांब आणि १० फूट रुंद घेतले, दार ८ फूट रुंद ठेवले आणि लिंटेल, म्हणजे दारावरची आडवी तुळई, ७ फुटांवर टाकले. शेजाऱ्यांना त्या वेळी ही उधळपट्टी वाटली होती. ३५ वर्षे त्या गॅरेजमध्ये गाडीबरोबर सायकली, शेंगांची पोती, गणपतीचे मखर आणि पाण्याची जुनी टाकी असा सगळा संसार राहिला. हायलक्स मात्र मूळ स्वरूपातच ५,३२५ मिलिमीटर लांब, १,८५५ रुंद आणि १,८१५ उंच आहे. म्हणजे मखर आणि टाकी माळ्यावर गेली, हे पहिले काम. त्यासाठी वर्कशॉप लागले नाही, घरातल्या मंडळींचे मन वळवावे लागले.

आता उंचीचा हिशेब. मूळ उंची १,८१५. सस्पेन्शनची उचल सुमारे ५० मिलिमीटर. टायर २६५/६० आर १८ या मूळ मापाऐवजी २६५/६५ आर १८ मापाचे असल्यामुळे त्यांचा व्यास सुमारे २६ मिलिमीटरने वाढला; परंतु गाडीची उंची व्यासाने वाढत नाही, त्रिज्येने वाढते, म्हणून तेथे फक्त १३ धरायचे. कॅरिअरचे १००. एकूण १,९७८ मिलिमीटर, म्हणजे साडेसहा फुटांना निसटते कमी. सपाट जागेवर रिकाम्या गाडीला टेप लावून मी हा आकडा पडताळून पाहिला आणि तो जुळला. लिंटेल ७ फुटांवर, म्हणजे २,१३४ मिलिमीटरवर आहे. परंतु शटर लिंटेलच्या खाली बसवलेले असल्यामुळे ते पूर्ण गुंडाळले तरी त्याची खालची पट्टी चार इंच लोंबत राहायची. तरीही २,०३२ मिलिमीटर मोकळे मिळत होते. २,०३२ मधून १,९७८ गेले की ५४ उरतात. दोन इंचांहून जास्त जागा शिल्लक असताना कॅरिअर अडकले कसे, हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. गाडी घेताना सोबत आलेल्या जाणकार गृहस्थांनीही हाच हिशेब करून ‘आरामात जाते’ असे सांगितले होते, त्यामुळे त्यांना दोष देण्यात अर्थ नव्हता.

या कोड्याचे उत्तर उतारात होते. आमच्या रस्त्यावर गेल्या ३५ वर्षांत डांबराचे थरावर थर चढले. रस्ता वर आला म्हणून पावसाचे पाणी अंगणात शिरू लागले, म्हणून आम्ही अंगणही वर घेतले आणि पेव्हर ब्लॉक बसवले. गॅरेजचा कोबा मात्र वडिलांनी घातला त्याच पातळीवर राहिला. परिणामी अंगणातून गॅरेजमध्ये उतरण्यासाठी सहा फूट लांबीचा आणि नऊ इंच खोलीचा उतार तयार झाला, म्हणजे आठास एक. कोल्हापुरातील जुन्या वसाहतींत असे खाली गेलेले गॅरेज हे अपवाद नसून नियम आहेत, हे मी नंतर मुद्दाम फिरून पाहिले.

अशा उतारावरून गाडी आत जाते तेव्हा पुढची चाके गॅरेजच्या सपाट कोब्यावर असतात आणि मागची अजून उतारावर, म्हणजे वर असतात. उतार जेथे संपतो तो कोपरा दोन्ही चाकांच्या मध्ये येतो आणि गाडीचा मधला भाग त्या कोपऱ्यापासून अधांतरी उचलला जातो. पिकअपचे टप नेमके दोन चाकांच्या मध्यावर असते आणि आमचे दार नेमके त्या कोपऱ्यावर होते. ही वाढ काढण्याची रीत सोपी आहे : दोन चाकांमधील अंतराचा चौथा भाग घ्यावा आणि त्याला उताराने गुणावे. हायलक्सचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधील हे अंतर, ३,०८५ मिलिमीटर आहे. त्याचा चौथा भाग सुमारे ७७१, आणि त्याचा आठवा भाग ९६. म्हणजे जवळजवळ पावणेचार इंच. १,९७८ मध्ये ९६ मिळवले की २,०७४ होतात, आणि शटरखाली जागा होती २,०३२. कॅरिअर ४२ मिलिमीटरने अडकणार हे ठरलेलेच होते. सस्पेन्शनची दोन इंच उचल सर्वांच्या डोळ्यांत भरत होती, पण तिच्या जवळजवळ दुप्पट उंची तो साधा उतार खात होता आणि त्याच्याकडे कोणी पाहत नव्हते.

हे सगळे मला पहिल्या दिवशी कळले, असे मात्र नाही. ते कळेपर्यंत मी दोन ठिकाणी सल्ला घेतला. एका ठेकेदाराने लिंटेल सहा इंच वर तासून देण्याची तयारी दाखवली. लिंटेल म्हणजे दारावरची सजावट नव्हे. वरच्या भिंतीचा आणि आमच्या बाबतीत पहिल्या मजल्याच्या स्लॅबच्या एका कडेचा भार त्यावर आहे, आणि त्याच्या खालच्या अंगालाच ताण घेणाऱ्या सळ्या असतात. खालून तासणे म्हणजे नेमक्या त्याच सळ्या उघड्या पाडणे. त्यांना मी चहा दिला आणि निरोप दिला. दुसऱ्याने गॅरेजचा कोबा फोडून सहा इंच खाली घेण्याचे सुचवले. त्याने उंची वाढते, पण उतारही वाढतो. तेवढ्याच लांबीत नऊऐवजी पंधरा इंच उतरायचे म्हटले तर मिळवलेल्या सहा इंचांतील अडीच इंच तो उतारच परत घेतो. शिवाय पाणी. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्याजवळची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, हे कोल्हापुरात शाळकरी मुलालाही पाठ असते, कारण २०१९ आणि २०२१ मध्ये नदी ५५ फुटांच्याही वर गेलेली आम्ही पाहिली आहे. आमच्या वसाहतीत नदीचे पाणी येत नाही; तरीही या गावात स्वतःच्या हाताने घराची एखादी खोली आणखी खाली नेण्याची माझी तयारी नव्हती.

मधल्या चार महिन्यांत मी कॅरिअर काढून गाडी आत लावत होतो. कॅरिअर नसेल तर उतारासह उंची १,९७४ होते आणि जुन्या शटरखालूनही गाडी ५८ मिलिमीटर राखून जाते. म्हणून एक गोष्ट येथेच स्पष्ट करतो : ज्यांना टपावर काही न्यायचे नसते, त्यांनी कॅरिअर काढून टाकावे आणि पुढचा खर्च करू नये. माझी शेती गगनबावड्याच्या बाजूला आहे. पाण्याच्या पाइपा, शिडी, बांबू हे सगळे टपावरूनच जाते, आणि आठ नट सोडवून दोघांनी ते धूड उतरवायचे, पुन्हा चढवायचे, हा आठवड्यातून दोनदा होणारा सोहळा माझ्या पाठीला मानवेना.

उद्यमनगरातील वर्कशॉपचे नाव मला गावातल्या चुलतभावाने सुचवले. तेलाची इंजिने आणि ओतकाम यांवर वाढलेल्या त्या भागात अजूनही एखादा सुटा भाग हातात घेऊन गेले की तसाच दुसरा करून मिळतो, आणि समोरचा माणूस आधी वस्तू पाहतो, मग बोलतो. हे मेस्त्रीही तसेच निघाले. घरी आल्यावर त्यांनी माझी मापांची वही पाहिली, मान डोलावली आणि बाजूला ठेवली. ‘साहेब, टेप खोटं बोलत न्हाई, पण ती एका जागंचंच बोलती,’ असे म्हणून त्यांनी शटर उतरवून घेतले आणि पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापल्या. एक इंचापासून चार इंचांपर्यंत, अर्ध्या-अर्ध्या इंचाच्या फरकाने. त्या त्यांनी लिंटेलच्या खाली चिकटपट्टीने ओळीने लटकवल्या, कॅरिअरसकट गाडी अगदी संथ गतीने आत घ्यायला लावली आणि स्वतः बाजूला उकिडवे बसून पाहत राहिले. अडीच इंचांची पट्टी वाकली, दोन इंचांची जागची हलली नाही. नंतर कागदावर मांडलेल्या माझ्या हिशेबानेही लिंटेल आणि कॅरिअर यांत ६० मिलिमीटर, म्हणजे दोन इंच आणि वर थोडेसे उरतात. पुठ्ठ्याने तेच आधी सांगितले होते. उतार गाडीला वर उचलतो हे त्यांच्या बोलण्यातूनच मला प्रथम समजले. वर दिलेली गुणाकाराची रीत मी त्या रात्री मांडून पाहिली. या एका चाचणीसाठी मी त्या वर्कशॉपला पैकीच्या पैकी गुण देतो. खर्च एका खोक्याचा, वेळ अर्ध्या तासाचा, आणि उंच गाडी घेण्याच्या आधी कोणीही ती घरी करू शकतो. गाडी हाताशी नसेल तर तेवढ्या उंचीची काठी दोन चाकांच्या अंतराच्या फळीवर मधोमध उभी करून ती फळी उतारावरून सरकवली तरी चालेल.

त्यांनी सुचवलेले काम दोन भागांचे होते. पहिला भाग म्हणजे शटर लिंटेलच्या खालून काढून भिंतीच्या बाहेरच्या अंगाला, लिंटेलच्या वर बसवणे. लिंटेलच्या वर पावणेदोन फूट मोकळी भिंत होती, त्यामुळे शटरचा रोल तेथे मावला. जुनी भिंत विटांची असल्यामुळे नुसते ठोकलेले बोल्ट तिच्यात टिकणार नाहीत, म्हणून दोन्ही ब्रॅकेट भिंतीतून आरपार बोल्ट घालून आतल्या बाजूला लोखंडी प्लेटवर आवळले. शटर बाहेर आले की त्याचे गाईड चॅनेलही, म्हणजे ज्यांतून ते वर-खाली सरकते त्या बाजूच्या लोखंडी खोबणीही, चोराच्या हाताला येतात, ही शंका मी काढली होती. त्यावर त्यांनी चॅनेलचे बोल्टही आरपार घेऊन नट आतून लावले आणि बाहेरची डोकी वेल्ड करून टाकली. शटर बाहेरून लिंटेलवर थोडे चढायला हवे, त्यासाठी दोन पट्ट्या वाढवाव्या लागल्या. १९८९ सालच्या पट्ट्यांची घडी आजच्या पट्ट्यांमध्ये अडकत नाही. मेस्त्रींनी भंगारातून तशाच जुन्या पट्ट्या शोधून आणल्या, हे विशेष. रंग जुळलेला नाही, पण मला त्याचे काही वाटत नाही. पत्नीला वाटते.

दुसरा भाग उताराचा. फाटकापासून गॅरेजपर्यंत अंगण १६ फूट आहे. सहा फुटांचा उतार त्यांनी दहा फुटांचा करायला सांगितला, म्हणजे नऊ इंचांसाठी तेरास एकपेक्षाही सौम्य चढण. त्याच वेळी दारासमोर दीड फूट सपाट जागा सोडली, तीत पाण्यासाठी आडवी चर आणि तिच्यावर लोखंडी जाळी बसवली. चरीचे पाणी पाइपाने घराच्या मागच्या उतारावरील गटारात नेले. गवंडीकाम त्यांच्या ओळखीच्या माणसाने केले आणि ते चांगले झाले, यापलीकडे त्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही. उताराचा कोपरा दारापासून दीड फूट पुढे गेल्यामुळे लिंटेलपाशी गाडी आता ९६ ऐवजी ४०-४२ मिलिमीटरच उचलली जाते. पुठ्ठ्याची चाचणी पुन्हा केली, तेव्हा चार इंचांची पट्टीही हलली नाही.

येथे वाचकाच्या मनात येईल की शटर बाहेर नेल्यावर ६० मिलिमीटर जागा मिळतच होती, मग उताराचा खटाटोप कशाला. मीही हे विचारले होते. याचे कारण असे की पिकअपची उंची एकच नसते. हायलक्सला मागे पाट्याच्या स्प्रिंगा आहेत, आणि हौद्यात खताची पोती असताना जी गाडी बसते तीच रिकामी झाल्यावर वर येते. ८० लिटरची डिझेलची टाकी भरलेली आहे की तळाला गेली आहे, यानेही काही मिलिमीटरांचा फरक पडतो. उतारावरून खाली येताना जरा ब्रेक दाबला की नाक खाली जाते आणि सोडला की टप उसळते. म्हणून माप नेहमी रिकाम्या गाडीचे, टायरमध्ये पूर्ण हवा असताना घ्यावे आणि वर किमान तीन इंच मोकळे ठेवावेत, असे मेस्त्रींचे म्हणणे होते. सकाळी भरलेली गाडी बाहेर पडते आणि संध्याकाळी रिकामी गाडी परत येते, हे लक्षात घेतले तर ते म्हणणे मला पटते. सकाळी सुटलेल्या दोन इंचांवर संध्याकाळी विसंबून राहता येत नाही.

शटर बाहेर गेल्यामुळे दोन फायदे असे झाले जे ना मला सुचले होते ना त्यांनी सांगितले होते. पहिला लांबीचा. गॅरेज आतून १८ फूट म्हणजे ५,४८६ मिलिमीटर आहे. त्यातून गाडीचे ५,३२५ गेले की १६१ उरत होते, म्हणजे पुढे तीन आणि मागे तीन बोटे. शटर भिंतीच्या बाहेर गेल्यावर नऊ इंची भिंतीची जाडीही वापरात आली आणि मोकळी लांबी सव्वा फुटाच्या पुढे गेली. दुसरा रुंदीचा. जुने गाईड चॅनेल दाराच्या आत दोन्ही बाजूंनी अडीच-अडीच इंच खात होते. आता पूर्ण आठ फूट मिळतात. आरसे अजूनही मिटून घ्यावे लागतात, पण श्वास रोखून नाही. गाडी डाव्या भिंतीला अर्धा फूट ठेवून लावली की चालकाच्या बाजूला साधारण एक मीटर राहतो आणि दार मोकळे उघडता येते. आईला मात्र मी अंगणातच उतरवतो. उचललेल्या गाडीतून उतरायला तिने स्वयंपाकघरातले लाकडी स्टूल नेमून ठेवले आहे आणि ते गाडीत कायमचे असते.

चाक अडवण्याच्या अडसराविषयी एक बारीक सूचना. बाजारात मिळणारे रबरी अडसर साध्या मोटारींसाठी ठीक आहेत. मोठ्या टायरची जड पिकअप गिअरमध्ये नुसती सोडली तरी त्यावरून चढून जाते, आणि बंपर भिंतीला लागेपर्यंत ते कळतही नाही. वर्कशॉपने सहा इंच उंचीचा लोखंडी पाइप दोन खुंट्यांवर वेल्ड करून कोब्यात पक्का केला. त्याचे २,५०० रुपये घेतले. मला ते जास्त वाटले, पण भिंतीच्या गिलाव्यापेक्षा कमीच.

आता तक्रारी. सहा दिवसांचे काम १५ दिवस चालले. मधे जोतिबाची चैत्र यात्रा आली आणि निम्मे वर्कशॉप डोंगरावर गेले. यात्रेला जाण्याबद्दल माझे काहीच म्हणणे नाही, चैत्र पौर्णिमा पंचांगात वर्षभर आधी छापलेली असते एवढेच म्हणणे आहे. तारीख देताना ती पाहायला हवी होती. त्या काळात तीन रात्री गॅरेजला शटरच नव्हते आणि मी खाट टाकून तेथे झोपलो. दुसरी तक्रार स्प्रिंगांची. दोन पट्ट्या वाढल्या म्हणजे शटरचे वजन वाढले, पण स्प्रिंगांचा पीळ जुन्या वजनाचाच ठेवला गेला. पहिला आठवडा शटर खाली घेताना शेवटचा फूटभर हातातून सुटून धाडकन आदळत असे. फोन केल्यावर दुसऱ्याच दिवशी माणूस आला आणि पीळ वाढवून गेला. तेव्हापासून ते एका हाताने वर जाते. मोटर बसवण्याचा आग्रह त्यांनी केला नाही, ही त्यांच्या बाजूची नोंद. वळवाच्या वादळात वीज कधी जाईल याचा भरवसा नसताना आठ फुटी शटरला मोटर असण्यापेक्षा नीट पिळलेली स्प्रिंग बरी.

तिसरी तक्रार गंभीर आहे. शटरचा रोल आता बाहेर, उघड्यावर आहे आणि आमचे गॅरेज पश्चिमेला तोंड करून आहे. रोलवर पत्र्याचे झाकण बसवले आहे, परंतु ते जेथे भिंतीला टेकते तेथे गिलाव्यात खाच मारून पत्र्याची कड आत घ्यायला हवी होती. तसे न करता त्यांनी नुसता सिलिकॉनचा पट्टा ओढला. एप्रिलच्या शेवटी पहिला वळीव झाला, भिंतीवरून ओघळलेले पाणी त्या पट्ट्यामागून आत गेले आणि रोलवर ठिबकले. वळवाचे पाणी अर्ध्या तासाचे असते; जूनपासून पुढे पश्चिमेचा पाऊस महिनामहिना भिंत भिजवत राहील आणि त्या स्प्रिंगा एका हंगामात गंजतील. शटर आत असताना ही अडचण नव्हती, म्हणजे ती त्यांच्याच बदलातून निर्माण झाली आहे आणि ती त्यांनीच सोडवायला हवी. हे बोलणे त्यांनी मान्य केले, एवढे नमूद करतो.

एकूण खर्च ४७,३०० रुपये झाला. त्यातील शटर उतरवणे, बाहेर बसवणे, ब्रॅकेट, वाढीव पट्ट्या, पत्र्याचे झाकण आणि रंग यांचे २२,८००, उतार, चर, जाळी आणि पाइप यांचे २२,०००, राहिलेले अडसराचे. नवे शटर घेतले असते तर यापेक्षा बरेच जास्त लागले असते, आणि दोन पाखांचा लोखंडी दरवाजा केला असता तर एकेक पाख उघडायला अंगणात चार फूट मोकळे ठेवावे लागले असते, जे उतारावर शक्यच नव्हते, कारण पाख उघडताना ते चढणीला घासले असते.

गाडीच्या उचलीविषयी वर्कशॉपचा काही संबंध नाही, तरी हे काम करून घेणाऱ्याने एक बाजू आधी तपासावी म्हणून लिहितो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे कलम काटेकोरपणे वाचले आहे. विमा कंपनीही अपघातानंतर याच मुद्द्यावर बोट ठेवू शकते. मी गाडी आधीच उचललेली घेतली, आणि ऊसतोडणीच्या दिवसांत ट्रॅक्टर-ट्रॉलींनी शेताच्या वाटेत पाडलेल्या चाकोऱ्यांमधला मधला उंचवटा पोटाला न घासता पार करायला ती दोन इंच मला खरोखर उपयोगी पडतात. तरीही विमा कंपनीला मी लेखी कळवले आहे, आणि हेडलाइटचा झोत वर गेला होता तो खाली करून घेतला आहे. समोरच्याच्या डोळ्यांवर दिवे मारत घाट उतरणे मला बरोबर वाटत नाही. उद्या मूळ स्प्रिंगा परत बसवाव्या लागल्या तर गॅरेजमध्ये आणखी दोन इंच मोकळे होतील, एवढाच फरक. म्हणजे गॅरेजवर केलेला खर्च त्या उचलीवर अवलंबून नाही, तो कॅरिअरसाठी आणि उतारासाठी होता, आणि उद्या याच दारातून दुसरी कोणतीही उंच गाडी आत येऊ शकते.

परवा मेस्त्री येऊन शिडीवर चढले, पत्र्याच्या कडेचे माप त्यांनी घेतले आणि खाच मारायची रेघ भिंतीवर पेन्सिलीने ओढून ठेवली. मृगाच्या आधी येतो असे म्हणाले. बिलातील २,००० रुपये मी राखून ठेवले आहेत, आणि त्यांनीही ते मागितले नाहीत.